उपाशी माणसाचा आकडा

चित्रात एक हृदय होतं. महाधमनीची एक कमान होती आणि कमानीतून वर गेलेल्या तीन फांद्या. फांद्या संपल्यावर कमान पाठीकडे वळून खाली उतरते, तिथे एक अरुंद जागा होती. एरवी बावीस मिलिमीटर रुंद असलेली नळी त्या जागी अकरा मिलिमीटर झाली होती. डाव्या बाजूच्या दोन बरगड्या एकमेकींना जास्तच चिकटून होत्या, कारण फार पूर्वी कुणीतरी त्या फाकवून आत हात घातला होता. मणके नऊ दिसत होते. यकृताचा वरचा भाग होता. जठर होतं आणि त्यात काहीही नव्हतं. रिकाम्या कापडी पिशवीसारख्या त्याच्या घड्या पडल्या होत्या. यकृतामागून पाय आणि पोटाकडचं रक्त हृदयाकडे परत नेणारी मोठी शीर वर चढत होती. ती गोल असायला हवी होती. ती चपटी होती.

मी मोजायची थांबले. खरं तर आज मोजण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आकडा काल दुपारीच निघाला होता: अठरा. आज सकाळी मी फक्त अहवालाला जोडायला एक बरं चित्र शोधत होते, आणि सवयीने, रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या वाचाव्यात तशी, चित्रात काय काय आहे ते मोजत गेले. खोलीत यंत्राचा गार वारा होता. खिडकीबाहेर इस्पितळाच्या आवारात दोन बायका सावलीला बसल्या होत्या, रमजानातल्या सकाळी लोक बसतात तशा, बोलणंही वाचवून. मी शीर दुसऱ्या चित्रात पाहिली, तिसऱ्या चित्रात पाहिली. सगळीकडे चपटी. नळ बंद केल्यावर रबरी नळी पडते तशी. एवढं साधं ते दृश्य, पण ही शीर अम् शादलींची होती, माझ्या काकांची, वडिलांच्या धाकट्या भावाची; आणि काल याच इमारतीच्या व्हरांड्यात उभं राहून त्यांनी सांगितलं होतं की आपण नुकतंच बाटलीभर पाणी प्यायलो आहोत.

मी डॉक्टर नाही. मी भौतिकशास्त्र शिकले आणि आता वाहतं रक्त मोजते. पूर्वी धमनीतल्या अरुंद जागेच्या अलीकडे आणि पलीकडे दाब किती हे कळायचं तर मांडीतून नळी घालून हृदयापर्यंत जावं लागायचं. आता माणूस एमआरआयच्या यंत्रात वीस मिनिटं निजतो, आणि त्याच्या छातीतल्या प्रत्येक ठिपक्याला रक्त किती वेगाने पळतंय ते यंत्र सांगतं. मी सर्वांत वेगवान ठिपका शोधते. वेगाचा वर्ग करते, चारने गुणते. येतो तो दाबातला फरक, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. शादलींचा वेग होता सेकंदाला दोन पूर्णांक एक दशांश मीटर. दंडाला आणि पायाला पट्टा बांधून काढलेला फरक त्यांच्या बाबतीत कधी बारा यायचा, कधी चोवीस, म्हणून हृदयविकाराच्या डॉक्टर विदादनी त्यांना माझ्याकडे धाडलं होतं. विदादांचा नियम सरळ होता. वीस किंवा वर आला तर राजधानीत, ट्युनिसला जायचं, नळी घालायची, अरुंद जागेत जाळी बसवायची. वीसच्या खाली, तर गोळ्या आणि वाट पाहणं. चुकून वाट पाहत बसलं तर काय होतं हेही त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, हळू आवाजात: हृदय अडसराविरुद्ध रक्त ढकलून ढकलून जाड होतं, डोक्यातली एखादी बारीक धमनी दाबाने फुटते, आणि घरचे म्हणतात, काल तर बरा होता.

काल अठरा आला तेव्हा मी व्हरांड्यात जवळजवळ धावत गेले होते. शादलींनी माझं कपाळ चुंबलं आणि बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, माझ्या भावाची पोर! हिने मला सुरीशिवाय बरं केलं!" यंत्र चालवणारा लसाद म्हणाला, "अम् शादली, ओरडू नका, इथे सगळे उपाशी आहेत, तुम्ही एकटेच जेवून आलाय." सगळे हसले. शादलीही हसले. आता मला ते हसू आठवत होतं आणि त्यात काय होतं ते मी शोधत होते. यंत्रात घालण्याआधी लसादने विचारलं होतं, खाल्लंय ना, पाणी प्यायलंय ना, आणि ते म्हणाले होते, "दोन अंडी, अर्धा पाव, एक बाटली पाणी. आत्ताच, खाली, जिन्यामागे. लोकांदेखत बरं दिसत नाही." लसादने मान हलवली होती. मीही. आजाऱ्याला रोज्यातून सूट असते, पण ज्याला सूट असते तो आडोशाला पितो आणि बाकीचे तिकडे बघत नाहीत. ही आमची रीत आहे. लहानपणापासून अंगात मुरलेली सभ्यता. त्यामुळे माणूस खरंच प्यायला का, हे कुणी पाहिलेलं नसतं.

विदादांनी गेल्या हिवाळ्यात केलेली त्यांच्या हृदयाची सोनोग्राफी मी काढून पाहिली. तेव्हा त्यांचं हृदय एका ठोक्याला शहात्तर मिलिलिटर रक्त ढकलत होतं. काल एकसष्ट. कोरड्या अंगात रक्त कमी फिरतं; कमी रक्त अरुंद जागेतून कमी वेगाने जातं; आणि वेगाचा वर्ग होत असल्यामुळे वेगात थोडी घट झाली की फरकात बरीच होते. हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना फळ्यावर शिकवू शकते. तरी काल ते माझ्या डोक्यात आलं नाही. अठरा आला आणि मी तो पुन्हा मोजला नाही. चोवीस आला असता तर मी तीनदा मोजला असता.

लहानपणी आम्हा मुलांना शादलींच्या पाठीवरची जखमेची खूण शार्कने केली आहे असं माहीत होतं. केरकेनाच्या बेटावर आजीचं घर होतं, आणि उन्हाळ्यात वडील मला फेरीबोटीत घालून तिकडे सोडून येत. बोट लागायची तेव्हा धक्क्यावर शादली उभे असायचे, उघड्या अंगाने, खांद्यावर टॉवेल. ते पाठमोरे झाले की डाव्या खांद्याच्या फऱ्याखालून बरगड्यांवर वळत गेलेली ती लांब, चकचकीत रेघ दिसायची, माशाच्या कल्ल्यासारखी. "केवढा होता शार्क?" मी दरवर्षी विचारायची. "तुझ्या बापाएवढा," ते दरवर्षी सांगायचे, "पण दात बरे होते." केरकेनाचा समुद्र इतका उथळ की अर्धा किलोमीटर चालत गेलं तरी पाणी गुडघ्याच्या वर येत नाही, तिथे शार्क येणार कुठून हा प्रश्न मला पडायला दहावं वर्ष उजाडावं लागलं. आणि पडल्यावरही मी तो विचारला नाही. त्या पाण्याचा वास अजून माझ्या नाकात आहे: उन्हात तापलेलं शेवाळ, दोरीवर वाळत घातलेले ऑक्टोपस, खजुरीच्या ओल्या फांद्या. फांद्या शर्फियाच्या, मासे धरायच्या कुंपणाच्या. दरवर्षी शादली आणि माझे वडील मिळून समुद्रात खजुरीच्या फांद्या ओळीने रोवायचे, लांबच लांब दोन कुंपणं, लांबवर सुरू होऊन एकमेकांजवळ येत जाणारी. भरती उतरताना पाणी त्या दोन कुंपणांतून परत फिरायचं आणि मासे त्याच्याबरोबर घशाशी येऊन सापळ्यात जायचे. मी घशाच्या जागी उभी राहायची. दुसरीकडे पाणी निजल्यासारखं असायचं, पण तिथे ते माझ्या पोटऱ्यांना ढकलायचं. एका दुपारी मी गाल पाण्याला टेकवून तिरकं पाहिलं तर कुंपणाच्या आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा उंच दिसलं. दोन बोटं. मी ओरडले. शादलींनी वाकून, डोळे बारीक करून पाहिलं आणि माझ्या वडिलांना हाक मारली, "दादा, तुझी पोर समुद्राला सपाट करायला निघालीय!" वडील नेहमीसारखे कमी बोलले. त्यांनी कुंपणाच्या दोन्ही बाजूंना एकेक काडी रोवली, पाण्याच्या पातळीवर नखाने खुणा केल्या आणि दोन्ही काड्या उपटून मला दिल्या. "मोज," म्हणाले. माझ्या नोकरीचं नाव मला नीट सांगता येत नाही तेव्हा मला ती दुपारच सांगावीशी वाटते, पण सांगितली तर लोक म्हणतील ही गोष्ट रचतेय.

शार्कची हकिगत खोटी आहे हे मला वडिलांनी सांगितलं. मी कॉलेजात होते तेव्हा. शादली बारा वर्षांचे असताना त्यांच्या महाधमनीत जन्मापासून एक आकुंचन आहे हे कळलं, आणि ट्युनिसला नेऊन ते कापून दोन टोकं जोडली. जोड मुलाबरोबर पुरेसा वाढला नाही. वडील सांगत होते तेव्हा त्यांचा हात टेबलावर सारखा काहीतरी पुसत होता, जिथे पुसण्यासारखं काही नव्हतं. वडील जाऊन आता तीन वर्षं झाली. त्या घरातलं, त्या कुंपणातलं, त्या बोटीतलं माणूस म्हणून मला एकच उरलं आहे, आणि त्याच्या छातीतला आकडा काढायचं काम माझ्याकडे आलं आहे.

संध्याकाळी इफ्तारला त्यांच्याकडे जायचं कालच ठरलं होतं. मी ब्रीक तळायला पिठाचे पातळ पापुद्रे घेतले आणि ग्रेम्दा रस्त्याची टॅक्सी पकडली. सूर्य मावळायच्या आधीचं आमचं शहर, स्फाक्स, मला आवडतं आणि त्याची भीतीही वाटते. सगळे भुकेने गाडी हाकत असतात. टॅक्सीवाला सिग्नलवरच्या माणसाला म्हणाला, "चल रे बाबा, तुझा नसेल, पण माझा शोरबा निवतोय!" पाचव्या किलोमीटरला उतरून मी फाटकातून आत शिरले तेव्हा बदामाच्या झाडाखाली खुर्ची टाकून शादली बसले होते. डोळे मिटलेले. मी कधी त्यांना या वेळेला बसलेलं पाहिलं नव्हतं. आजीच्या घरात ही त्यांची धावपळीची वेळ. सगळं घर उपाशी, स्वयंपाक करणाऱ्या बायकाही उपाशी, मग मीठ चाखणार कोण? शादली. ते त्या घरातले एकमेव जेवलेले मोठे माणूस होते. बायका पातेल्यावरून हाका मारायच्या, "शादली, ये, सांग!" आणि ते पळी तोंडाला लावून, डोळे वर करून, काझीसारखा निकाल द्यायचे: "चिमूटभर कमी. आणि त्या पातेल्याला फाशी." रोजा सुटल्याची तोफ झाली की सगळ्यांच्या वाडग्यांत शोरबा वाढायचेही तेच, कारण बाकीच्यांचे हात कापत असायचे. स्वतः ते शेवटी बसायचे. त्यांच्या वाडग्यातली वाफ तोवर संपलेली असायची.

आज वाढत होती त्यांची बायको, लल्ला जन्नात. थोरल्या बाईला आमच्याकडे आदराने लल्ला म्हणतात. तोफ झाली. रेडिओवर अजान सुरू झाली. शादलींनी खजूर उचलला, तो तोंडात घालण्याआधी एक क्षण बोटांत धरला, मग पाण्याचा पेला दोन्ही हातांनी उचलून थांबून थांबून तीन घोटांत रिकामा केला. पेला खाली ठेवताना त्यांचे डोळे ओले होते. मी माझ्या वाडग्यातला पहिला घोट घेतला आणि तो तोंडातच राहिला.

"लल्ला," मी म्हणाले.

"काय गं?"

"शोरबा."

लल्ला जन्नातने चाखलं. तिचा चेहरा लाल झाला. "हा समुद्र कुणी ओतला यात? मी दोनदा मीठ घातलं की काय? अहो, तुम्हाला पळी दिली होती ना मी? तुम्ही म्हणालात बरोबर आहे!"

"बरोबरच आहे," शादली म्हणाले आणि घाईघाईने खाऊ लागले. "थोडं समुद्रासारखं आहे. आम्ही बेटावरची माणसं."

"दाबाचा पेशंट आणि मिठाची चव गेली! जीभ तपासून घ्या आता! एम्ना, तुमच्या यंत्रात जीभ दिसते का गं?"

"दिसते," मी म्हणाले. शादलींनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर पावाकडे वळवली. त्यांना कळलं. मला कळलंय हे त्यांना कळलं. जेवण झालं, ब्रीक झाले, लल्ला जन्नात भांडी घासायला आत गेली आणि आम्ही दोघं चहाचे पेले घेऊन बदामाखाली आलो. शेजारच्या घरातल्या टीव्हीवरची मालिका इथवर ऐकू येत होती. त्यातली बाई कुणाला तरी घरातून हाकलत होती.

"तुमची शीर चपटी आहे, अम्," मी म्हणाले.

"कुठली शीर? काल सगळ्या शिरा दाखवल्या तुला. आता त्यातही खोड काढतेस?"

"आणि पोट रिकामं होतं. बाटलीभर पाणी प्यायलेल्या माणसाच्या पोटात ते दिसतं."

ते चहात बोट घालून वर तरंगणारा बदाम बाहेर काढत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुमचं यंत्र रोजाही तपासतं. इमामाला कळवायला पाहिजे. अर्धं शहर पकडलं जाईल."

"किती दिवस?"

"पहिल्यापासून. आज चोविसावा."

मला काय वाटलं ते मी आत्ताही नीट सांगू शकत नाही. राग आला, आणि त्या रागाच्या खाली चोवीस हा आकडा ऐकून कुठेतरी अभिमानासारखं काहीतरी हललं, शाळेतल्या मुलाने बक्षीस दाखवल्यावर हलतं तसं. डॉक्टरांनी त्यांना रोजा सक्त मना केला होता, गोळ्या दिवसातून दोनदा होत्या. मी तेच बोलले. ते म्हणाले, "त्या वर्षी उन्हाळ्यात आला होता रमजान. मी बारा वर्षांचा. तो माझा पहिला रोजा असणार होता. आईने पांढरा जुब्बा शिवून ठेवला होता, शेजारच्या आजीने मध आणून ठेवला होता. आणि चार दिवस आधी मला ट्युनिसला नेलं. वॉर्डात तोफ ऐकू यायची. तोफ झाली की नर्स सगळ्यांना पाणी द्यायची, मलाही द्यायची. पण मला त्या पाण्याचं काय, मी दिवसभर पीतच होतो. पलीकडच्या खाटेवर एक म्हातारा होता, हाडांचा सापळा. त्याला मनाई होती तरी त्याने रोजा धरला होता. तो तोफेनंतर पाणी प्यायचा तेव्हा त्याच्या तोंडावर काय यायचं! मी बघत बसायचो."

"मोठेपणी धरायचा होता."

"आईने शपथ घातली होती. ती गेली. मग तुझा बाप. रमजानात रोज दुपारी फोन करायचा, 'शादली, काय जेवलास?' बेटावरचा पोलीस एवढा पहारा करत नाही. आता कुणी फोन करत नाही. पोरी, चाळीस वर्षं मी मीठ चाखतोय. रोज एका गरिबाला जेवू घालतो, शरीयत म्हणते तेवढं सगळं करतो. पण त्या पंगतीत मी भरल्या पोटाने बसलोय. यंदा म्हटलं, एकदा आतून बघू."

आत लल्ला जन्नातने नळ बंद केला. आम्ही दोघांनीही आवाज खाली आणला.

"आकडा कमी यावा म्हणून नव्हतं ते," शादली म्हणाले. "देवाशपथ, मला माहीतच नव्हतं की कमी येतो. आला तेव्हा म्हटलं, हे वरचं बक्षीस." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच व्हरांड्यातला तो दिलखुलास माणूस नव्हता. "अठरा खोटा आहे का?"

"खोटा नाही. उपाशी माणसाचा आहे."

"मग मी उपाशीच राहतो."

"उरलेले अकरा महिनेही?"

ते हसले, पण हसू ओठांपर्यंतच आलं. "मला तिकडे परत निजायचं नाही, एम्ना. छताला पंखा होता. चार पाती. एक वाकडं. दोन महिने मी ते बघितलंय. तू म्हणशील आता उघडत नाहीत, मांडीतून नळी घालतात, दोन दिवसांत घरी सोडतात. माहीत आहे मला. मी पंख्याबद्दल बोलतोय." मालिकेतली बाई आता रडत होती. मला वाटलं, तो आकडा आहे तिथे राहू द्यायला मला काहीच करावं लागत नाही. अहवाल टंकून तयार आहे. चित्र बदललं की झालं, जठर आणि शीर न दिसणारं चित्र, कमानीपुरतं. कुणी विचारणार नाही. आणि हा माणूस उन्हाळ्यात बेटावर जाऊन धक्क्यावर टॉवेल घेऊन उभा राहील, एक उन्हाळा, दोन उन्हाळे, आणि तिसऱ्या कुठल्यातरी उन्हाळ्यात बोट लागेल तेव्हा धक्क्यावर कोणी नसेल. त्या रिकाम्या धक्क्याचं चित्र मला इतकं स्वच्छ दिसलं की मी पेला खाली ठेवला.

"उद्या मी डॉक्टर विदादना सांगणार आहे," मी म्हणाले.

"नको सांगूस."

"सांगणार."

"दादाची पोर!" ते पुटपुटले, शिवी दिल्यासारखं. मग थोड्या वेळाने, "तू सांगितलंस तर ती चुगली. मी सांगितलं तर पश्चात्ताप. मला पश्चात्तापाचं पुण्य तरी मिळू दे. सकाळी मीच जातो."

दुसऱ्या दिवशी ते खरंच विदादांकडे गेले. मी दारात उभी होते. डॉक्टर विदाद स्वतः रोजा धरून होत्या, आमचा नंबर लागेपर्यंत दुपार डोक्यावर आली होती, आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन टेबलावर आपटलं. "माझे अर्धे पेशंट रमजानात मला फसवतात," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही यंत्राला फसवलंत, हा नवा प्रकार. दाबाच्या गोळ्या, त्यात उपास! वाटेत कोसळला असतात तर तुमची बायको माझ्या नावाने बोटं मोडत बसली असती!"

"ती माझ्या नावाने मोडते, डॉक्टर. तुमची पाळी यायची नाही."

विदाद हसल्या नाहीत. त्यांनी शादलींना आत्ता, समोर, पाणी प्यायला सांगितलं. शादली पेल्याकडे बघत राहिले. विदाद खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मीही पाठ फिरवली. सवय. थोड्या वेळाने पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तो भरलेला होता की रिकामा, हे विदादांनी वळून पाहिलं, मी पाहिलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "गोळ्यांच्या वेळा बदलून देते. आणि मोजणी पुन्हा. ईदनंतर."

"ईदच्या दुसऱ्या दिवशी?" मी विचारलं.

"वेडी आहेस? ईदला हे खारवलेला मासा आणि शर्मूला खाणार. पातेलंभर. मग मिठाने फुगलेल्या माणसाचा आकडा येईल." त्यांनी दिनदर्शिका उलटली. "स्फाक्सच्या माणसाचा खरा दाब मोजायचा तर रमजानही सोडावा लागतो आणि ईदही. ईदनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात आणा."

मधल्या दिवसांत शादलींनी काय केलं ते मी विचारलं नाही, आणि लल्ला जन्नातने आपणहून सांगितलं नाही. ईदच्या सकाळी मी त्यांच्याकडे गेले. घरभर शर्मूल्याचा, म्हणजे कांदा, मनुका आणि दालचिनी तासन्‌तास शिजल्याचा वास होता. माझ्या आजीच्या घरात तो वास भिंतींना वर्षभर चिकटून राहायचा, आणि आम्ही पोरं भिंतीला नाक लावून तो हुंगायचो. शादलींनी पांढरा नवा जुब्बा घातला होता. कोपरापाशी अजून शिंप्याच्या खडूची निळी रेघ होती. त्यांनी माझ्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढला, स्वतः शेपटीकडचा घेतला, आणि तो बोटांनी बराच वेळ सोलत बसले.

दुसऱ्या आठवड्यात ते आले तेव्हा ऊन वाढलं होतं आणि इस्पितळाच्या आवारात लोक पुन्हा मोठ्याने बोलत होते. बाकावर बसून त्यांनी बाटली काढली आणि माझ्याकडे रोखून बघत, एकेक घोट आवाज करत, ती रिकामी केली. मग उलटी करून दाखवली. "साक्षीदार?" त्यांनी लसादला विचारलं. "साक्षीदार," लसाद म्हणाला, "आता ढेकर देऊ नका आत, चित्र हलतं." कपडे बदलायला आत जाताना त्यांनी दारातून मला विचारलं, "तिकडे आता पंखे असतात का?"

"एसी असतो, अम्."

"वाईट," ते म्हणाले. "मग बघायचं काय?"

मी काचेच्या अलीकडे बसले. यंत्राची घरघर सुरू झाली. माइकमधून मी त्यांना सांगत होते: श्वास घ्या, सोडा, धरून ठेवा, आणि काचेपलीकडे त्यांचे फक्त तळवे दिसत होते, समुद्रावर आयुष्यभर अनवाणी चाललेल्या माणसाचे रुंद, भेगाळ तळवे, एकमेकांना चिकटवलेले, शाळेतल्या मुलाने उभं राहावं तसे. शीर पडद्यावर आली. गोल होती. जठरात पाणी होतं. मी अरुंद जागा गाठली, सर्वांत वेगवान ठिपका शोधला, बाजूचे ठिपके पाहिले, आणि लसादला म्हणाले, पुन्हा घे. त्याने पुन्हा घेतलं. मी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा घ्यायला सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघून मशीनकडे वळला.

एका ठोक्याला पंचाहत्तर मिलिलिटर. वेग दोन पूर्णांक चार दशांश, तिन्ही वेळा. फरक तेवीस मिलिमीटर, वीसच्या वर.